गंगाजळीची दुसरी किल्ली

“…पण नाही म्हणायला तुम्हाला जड का जावं, बाबा? आठ वर्षं म्हणतच आलात की.”

कमरुबाबा कामात होते. जांभळीखाली बाज उलटी टाकून ते तिचं सैल पडलेलं सुंभ आवळत होते. एक वेढा ओढायचा, पायाच्या अंगठ्याने दाबून धरायचा, मग पुढचा.

जनार्दनपंत खांबेटे समोरच्या दगडावर बसले होते. चांदवळ संस्थानचे दिवाण. पगडी काढून मांडीवर ठेवलेली, जोड्यांना घाटाची तांबडी माती. घोडा खाली नाक्यावर बांधून शेवटची चढण ते पायी आले होते.

“श्रीमंत महाराजांचा माणूस उद्या हुकूम घेऊन येईल. तुम्ही फक्त नाही म्हणायचं. एवढंच.”

“हं,” बाबा म्हणाले आणि पुढचा वेढा ओढला.

घाटमाथ्यावरच्या एका फकिराच्या ‘नाही’ला चांदवळात एवढं वजन कसं आलं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

चांदवळ हे तसं लहानसं संस्थान. निम्मी जमीन कातळ. शेतसाऱ्यात राजवाड्याचा आणि कचेरीचा खर्च कसाबसा भागे. बाकीचं सगळं, म्हणजे शाळा, दवाखाना, रस्ते, पूल, हिरड्यावर चाले. हिरड्याच्या फळाने कातडं कमावतात. चांदवळच्या जंगलातला हिरडा गाड्यांनी घाट उतरून बंदरावर जायचा आणि तिथून बोटीने विलायतेला. त्यामुळे चांदवळच्या शाळामास्तराला यंदा पगार मिळेल की नाही, हे चांदवळात कुणालाच ठाऊक नसायचं. ते ठरायचं विलायतेतल्या कुठल्याशा कारखान्यात, जिथल्या लोकांनी चांदवळचं नावही ऐकलेलं नव्हतं.

जनार्दनपंत दिवाण झाले तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते. मुंबईहून गणितात पदवी घेऊन आलेले. त्यांनी पहिलं अंदाजपत्रक केलं तेव्हा कचेरीतले म्हातारे कारकून ते पाहून थक्क झाले. वर्षाची जमा किती येणार, तर तीन लाख सत्याऐंशी हजार चारशे बारा रुपये, सहा आणे.

घाटाच्या फेरीवर असताना त्यांनी ते कमरुबाबांना ऐकवलं होतं. बाबांशी काही ओळख होती असं नाही. पाणी प्यायला थांबले आणि बोलणं निघालं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं,

“सहा आणे कुठून आले?”

बरोबरचे शिपाई हसले. पंतांना राग आला, पण फकिराशी काय बोलणार?

त्या साली हिरडा निम्म्या भावाने गेला. मास्तरांचे पगार चार महिने थकले. केळशेतच्या शाळेतला एक मास्तर नोकरी सोडून निघून गेला, तो जाताना शाळेच्या फळ्यावर लिहून गेला, ‘दिवाणसाहेबांस सप्रेम नमस्कार.’ एवढंच. पंतांनी तो फळा स्वतः जाऊन पाहिला. आठवडाभर त्यांना अन्न गोड लागलं नाही.

मग ते पुन्हा घाट चढून आले. या खेपेला एकटे.

“अंदाज कसा बांधू?” त्यांनी विचारलं.

“दोन बांध,” बाबा म्हणाले. “एक हौसेचा, एक भीतीचा. खर्च भीतीच्या अंदाजाने कर.”

“आणि दोहोंच्या मधलं जे हाती येईल ते?”

“ते तुझं नाही.”

“मग कुणाचं?”

“मला काय ठाऊक? अजून आला नाही तो.”

पंतांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. राजवाड्याच्या मागच्या अंगाला दगडी कोठी होती, ती साफ करून घेतली. भीतीच्या अंदाजाहून जे जास्त येईल ते तिथे ठेवायचं. कचेरीत त्याला गंगाजळी म्हणू लागले. घरातल्या गडूत गंगेचं पाणी जपून ठेवतात, रोज पीत नाहीत, तसा हा पैसा. मग पंतांनी दाराला दोन कुलपं बसवली. एकाची किल्ली स्वतःकडे ठेवली. दुसरी कुणाला द्यायची?

राजाला देऊन उपयोग नव्हता. श्रीमंत मनाने चांगले, पण हौशी. मानकऱ्यांना देण्यात काही अर्थच नव्हता.

तेव्हा कचेरीतल्या एका जुन्या कारकुनाने आठवण दिली. कमरुबाबा फकीर होण्याआधी सत्तावीस वर्षं याच संस्थानच्या खजिन्यावर पहाऱ्याचे शिपाई होते. सत्तावीस वर्षांत त्यांनी दाराच्या आत एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. नोकरी संपली त्या दिवशी थोरल्या महाराजांनी विचारलं, कमरुद्दीन, काय हवं? ते म्हणाले, बसायला जागा. महाराजांनी घाटमाथ्यावरची ही जागा दिली.

दुसरी किल्ली बाबांकडे गेली.

पुढे विलायतेकडे मोठी लढाई जुंपली. फौजांना बूट लागत, बुटांना कातडं, कातड्याला हिरडा. भाव दुप्पट झाला, मग तिप्पट. कोठी भरत गेली. श्रीमंतांनी मोटारीसाठी माणूस पाठवला. बाबा म्हणाले, नाही. शिकारखान्यासाठी पाठवला, नाही. मुलीच्या लग्नासाठी पाठवला, तेव्हा बाबांनी तिला आशीर्वाद सांगितला आणि म्हणाले, नाही. माणूस परत जाई. श्रीमंत दोन दिवस रुसून बसत. पंत मनातल्या मनात हसत.

आठ वर्षांत कोठीत एक लाख साठ हजार रुपये जमले. शेजारच्या संस्थानांचे दिवाण हे कसं साधलं ते पाहायला येऊ लागले. पंत त्यांना कोठीच्या दारापर्यंत नेत आणि दोन कुलपं दाखवत. दार उघडत नसत. न उघडलेलं दार दाखवण्यातच त्यांना खरा आनंद होता, पण हे त्यांचं त्यांनाही उमगलं नव्हतं.

आणि मग एकाच साली सगळं आलं.

माल न्यायला बोटी मिळेनात. हिरड्याची पोती बंदरावर पडून राहिली. भाव पडला. आणि पावसाळ्याच्या अखेरीस मानमोडीचा ताप आला. आज अंग मोडून येई, उद्या छाती भरे, परवा माणूस जाई. तरणीताठी माणसं आधी जात. घरंच्या घरं अंथरुणाला खिळली. पाणी द्यायला उठेल असं कुणी नाही.

दवाखान्याचे डॉक्टर फर्नांडिस राजवाड्यावर गेले. माझ्याकडे या तापाचं औषध नाही, ते म्हणाले. पण बावीस गावांत रोग्यांसाठी छपऱ्या उभारा, कांबळी द्या, पेज द्या, पाणी पाजायला माणसं ठेवा. पुष्कळ लोक तेवढ्यावर वाचतील. खर्च ऐंशी हजार.

श्रीमंतांनी त्याच बैठकीत हुकमावर सही केली. गंगाजळी उघडावी.

म्हणून पंत आज घाट चढून आले होते.

“तुम्हाला वाटेल, दिवाण दगडाचा झाला,” ते म्हणाले. “तसं नाही, बाबा. मी सगळा विचार केलाय.”

“सांग.”

“ताप आजचा आहे. महिन्या-दोन महिन्यांत तो आपणहून जाईल, जगभर तसाच जातोय. पण हिरडा? या साली भाव पडलाय, पुढच्या साली आणखी पडेल. लढाई थांबतेय. बूट कुणाला हवेत? माझ्या अंदाजाने दोन वर्षं, कदाचित तीन. तेवढी ओढायला एक लाख साठ हजार जेमतेम पुरतील. आज ऐंशी गेले, तर पुढच्या साली शाळा बंद. दवाखाना बंद. पूल अर्धवट.”

“हं.”

“चुकतंय का काही?”

“नाही.”

पंत थोडे सैलावले. “मग?”

बाबांनी सुंभ दातात धरून गाठ मारली. “राजाला हे सांगितलंस?”

“सांगितलं.”

“काय म्हणाला?”

पंतांनी मांडीवरची पगडी सारखी केली. “म्हणाले, मोटारीच्या वेळी तुम्ही नाही म्हणालात ते मला नंतर पटलं. हे नंतरही पटणार नाही.”

बाबा पहिल्यांदाच हसले. दात दोनच उरले होते. “मोठा झाला की रे तो.”

“बाबा…”

“एक किल्ली तुझ्यापाशी आहे ना?”

“आहे.”

“मग तूच नाही म्हण. एका किल्लीने दार उघडत नाही.”

खालच्या वळणावर एक गाडी चढत होती, तिच्या चाकांचा करकराट ऐकू येत होता. तो थांबला. पुन्हा सुरू झाला.

“मी नाही म्हटलं, तर…” पंतांचा आवाज खाली आला. “तर लोक म्हणतील, दिवाणाने पैशापायी माणसं मारली. बायको माझ्याशी चार दिवस बोललेली नाही. तुम्ही म्हटलं तर म्हणतील, फकिराचा कौल आहे. कुणी काही बोलणार नाही.”

“असं होय.”

“हिशेब माझा बरोबर आहे, बाबा. फक्त तो माझ्या तोंडून…”

“समजलं.”

बाबांनी बाज कुशीवर केली. सुंभाच्या एका वेढ्यात वीतभर लांबीचं लोखंड अडकवलेलं होतं. त्याला पीळ देऊन ते दोर ताणत होते. त्यांनी ते उलट फिरवून बाहेर काढलं. तासाभराचा ताण एकदम सुटला आणि बाजेच्या मधोमध मोठी झोळ पडली.

ते लोखंड त्यांनी पंतांच्या मांडीवरच्या पगडीत टाकलं.

पंतांनी पाहिलं. गंगाजळीची दुसरी किल्ली होती.

“हे काय?”

“दोन झाल्या तुझ्यापाशी.”

“पण मी ही मागायला आलो नव्हतो!”

“ठाऊक आहे.”

“आठ वर्षं तुम्ही हिने… बाज आवळत होतात?”

“पडून राहिलेल्या वस्तूला गंज चढतो.”

पंत उठून उभे राहिले. किल्ली हातात घेतली, परत पगडीत ठेवली, पुन्हा हातात घेतली.

“बरं, उघडलीच समजा. निदान एवढं तरी सांगा, मागे किती ठेवू?”

“किती ठेवायचं ते कळलं असतं,” बाबा म्हणाले, “तर ठेवायची गरज काय होती?”

“मग तुमचं मत काय? हो की नाही?”

बाबांनी झोळ पडलेल्या बाजेकडे पाहिलं आणि सुंभाचं टोक शोधू लागले.

“मला हे पुन्हा विणायचंय,” ते म्हणाले.

पंत घाट उतरू लागले. ते चिडले होते. म्हाताऱ्याने अंग काढून घेतलं, असंच त्यांना वाटत होतं. किल्ली कमरेला खोचली तर टोचत होती, हातात धरली तर जड होत होती. आता नाही म्हणायचं तर तेही त्यांचंच, हो म्हणायचं तर तेही त्यांचंच. मध्ये कुणी उरलं नव्हतं.

नाक्यावर पोचले तेव्हा जकातीचा आडवा बांबू वर उचलून बांधलेला दिसला. दोन गाड्या न थांबता निघून गेल्या. सकाळी ते इथेच घोडा बांधून गेले होते, पण तेव्हा त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललेलं, लक्ष गेलं नव्हतं.

“नाकेदार!” त्यांनी हाक मारली.

आतून उत्तर आलं, पण ते शब्द नव्हते.

नाकेदार तात्या सुर्वे रिकाम्या पोत्यांवर पडला होता. पन्नाशीचा, धिप्पाड माणूस. डोळे लाल, ओठांवर पापुद्रे. दिवाणांना पाहून तो उठायला धडपडला.

“साहेब… तीन दिवस जकात घेतली नाही. उभंच राहवेना. बांबू तरी वर केला… म्हटलं लोकांचा खोळंबा नको. माझ्या पगारातून कापा.”

“पाणी प्यायलात?”

“घडा बाहेर आहे, साहेब.”

घडा दारापासून सात पावलांवर होता. पंतांनी मुद्दाम मोजली नव्हती, पण पुढे कितीतरी वर्षं त्यांना तो आकडा आठवत राहिला. त्यांनी पाणी आणलं. तात्याचं डोकं उचलून मांडीवर घेतलं. असं कुणाला पाणी पाजायची त्यांची ही पहिलीच वेळ, निम्मं सांडलं. तात्या पीत राहिला. दुसरा तांब्या. तिसरा.

तीन दिवस त्या माणसाला ताप होताच. पण त्याचा घसा सुकला होता तो पाण्यावाचून.

दुपार कलायच्या आत पंतांनी कोठीची दोन्ही कुलपं उघडली. श्रीमंत तिथे आले होते. जड दार ढकलायला त्यांनी स्वतः हात लावला.

ऐंशी हजार म्हणता म्हणता एक लाख दहा हजार गेले. बावीस गावांत छपऱ्या उभ्या राहिल्या. पंत गावोगाव फिरले. पेज पातळ झाली म्हणून त्यांनी एका मुकादमाला सगळ्यांदेखत झापलं, आणि एका छपरीत कांबळी कमी पडली तेव्हा राजवाड्याच्या सतरंज्या मागवल्या. तात्या सुर्वे उठला. डॉक्टर फर्नांडिस चौथ्या आठवड्यात पडले आणि पाच दिवसांत गेले. त्यांना टेकडीवर पुरलं, तेव्हा खांदा द्यायला श्रीमंत स्वतः होते.

साथ ओसरली. मेलेल्यांची यादी झाली, ती लांब होती. छपऱ्यांमुळे किती वाचले, हे श्रीमंतांनी पंतांना विचारलं. पंत म्हणाले, सांगता येणार नाही. मेलेले मोजता येतात.

आणि पुढच्या साली हिरडा पडला.

पंतांनी सांगितलं होतं तसाच पडला, जवळजवळ तितकाच. उरलेले पन्नास हजार दिवाळीपर्यंत संपले. पाच महिने सगळ्यांना दोन तृतीयांश पगार. दोन शाळांना कुलूप. नदीतल्या पुलाचे तीन खांब उभे राहिले, त्यांवर काही नाही. पोरं त्यांवरून पाण्यात उड्या मारीत. एका कारकुनाची बायको पंतांच्या अंगणात येऊन त्यांना नाही नाही ते बोलून गेली. पंत ओटीवर उभे राहून शेवटपर्यंत ऐकत होते. ती बाई थकून खाली बसली, तेव्हा त्यांच्या बायकोने आतून तिच्यासाठी ताक आणलं.

फाल्गुनात पंत घाट चढले. केस निम्मे पांढरे झाले होते.

बाबा बाजेवर आडवे होते. आता ते फारसे उठत नसत. पंत खाली जमिनीवरच बसले.

“मी म्हटलं तसंच झालं,” ते म्हणाले.

“झालं.”

“दोन शाळा बंद पडल्या.”

“ऐकलं.”

“म्हणजे त्या दिवशी मी चुकलो?”

“तुला काय वाटतं?”

वाऱ्याने जांभळीची वाळकी पानं अंगणभर सरकत होती.

“रोज वेगळं वाटतं,” पंत म्हणाले. “शाळेवरून गेलो की वाटतं, चुकलो. नाक्यावर तात्या उभा दिसला की… आणि कधी दोन्ही एकाच दिवशी वाटतं.”

“बरं आहे,” बाबा म्हणाले.

“बरं कसलं, बाबा? झोप नाही.”

बाबांनी कूस बदलली.

“यंदा बंदरावर गिऱ्हाईक आलंय,” पंत जरा वेळाने म्हणाले. “भाव किंचित वर आहे. दोन्ही अंदाज बांधलेत. फार तर हजार-दीड हजार वर उरतील.”

“हं.”

“पण कोठीत काही नाही. काल मी स्वतः झाडून घेतली. चिमणीने घरटं केलंय आत. श्रीमंत म्हणतात, एवढ्याशा पैशांसाठी ती दोन कुलपं आणि तो बडेजाव कशाला? हे पैसे कचेरीतच राहू देत, पुलाला लावू. कोठी पुन्हा भरण्याजोगे दिवस आले की बघू. मानकरीही हेच म्हणतात. खरं सांगायचं तर… मलाही तसंच वाटू लागलंय.”

बाबांनी डोळे मिटले होते. झोप लागली असावी, असं पंतांना वाटलं. ते उठायच्या बेतात होते.

“चिमणीची पिल्लं उडाली का?” बाबांनी डोळे न उघडता विचारलं.

“उडाली. रिकामं आहे घरटं.”

“मग आज जाऊन कुलपं लाव. दोन्ही.”

“रिकाम्या कोठीला?”

“भरलेल्या कोठीला कुणीही लावतं, पंत.”